छायाचित्रकारांना बोलण्यास मनाई आहे

घशात नळी घालून डॉक्टरीणबाईंनी आतलं चित्र पडद्यावर दाखवलं, तेव्हा हसाकाकांना सगळ्यात आधी कौतुक वाटलं ते फोकसचं. इतक्या अंधाऱ्या आणि ओल्या जागेत एवढं स्वच्छ चित्र त्यांना स्वतःला काढता आलं नसतं. चित्रात स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि दोन्हींवर, अगदी समोरासमोर, एकेक बारीक गाठ होती.

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फोटो काढतो."

"मग त्यात घसा कुठे येतो?"

शेजारी हसाकाकांची बायको बसली होती. ती म्हणाली, "यांच्यात आधी घसाच येतो. कॅमेरा नंतर."

हे खरं होतं. शाळांचे ग्रुप फोटो, लग्नं, निवृत्तीचे समारंभ, बावीस वर्षं त्यांनी सगळं आवाजावर काढलं होतं. चारशे मुलं ते एका दमात उंचीप्रमाणे उभी करत. "हसाऽऽ!" म्हणाले की समोरच्या फुटपाथवरचे लोकही हसत, निदान वळून तरी बघत. त्यांचं खरं नाव आता फक्त बायकोला आणि वीज कंपनीला माहीत होतं.

"सहा आठवडे एक शब्दही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजबुजायचंही नाही. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या."

हसाकाकांनी बराच विचार केला.

"शिंक आली तर?"

"शिंका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा आठवड्यांआधीचं शेवटचं वाक्य असं खर्ची पडलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने स्टुडिओच्या दारावर बोर्ड लावला. तिचं अक्षर चांगलं होतं आणि स्टुडिओतलं कॉम्प्युटरवरचं सगळं काम, म्हणजे डाग काढणं, टकलावरची चमक कमी करणं, तीच करायची. बोर्डवर तिने लिहिलं: 'छायाचित्रकारांना बोलण्यास मनाई आहे. कृपया आपले आपण हसावे.'

गिऱ्हाईक आपलं आपण हसेना. पहिल्या आठवड्यात एक नवरा-नवरी येऊन, बोर्ड वाचून, जिन्यावरूनच परत गेली. एका शाळेने दुसरा फोटोग्राफर बोलावला. हसाकाका गळ्यात दोरीने पाटी अडकवून काउंटरमागे बसून राहिले. पाटीवर लिहायचे ते बायकोसाठीच, आणि त्यातलं निम्मं ती न वाचताच पुसायची. 'तीस वर्षांत एवढी विश्रांती कधी मिळाली नव्हती,' असं ती बहिणीला फोनवर सांगत होती, आणि हसाकाकांना त्यावर काही बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. साठीच्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी बोर्ड तीनदा वाचला.

"खरंच बोलत नाहीत?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अजिबात नाही."

"अचानक, उत्साहाच्या भरात वगैरे?"

"ताई, उत्साहसुद्धा पाटीवर लिहून दाखवतात."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मग मी मुलाला घेऊन येते. लगेच हो म्हणू नका, आधी ऐकून घ्या."

मुलगा एकतीस वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे, हे तो चार वर्षांचा असताना कळलं होतं. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, आणि त्याच्यासारख्या काचा आसपास कुणाच्या नव्हत्या. दुकानातले लोक त्याला भिंगवाला म्हणायचे. आता दुकानाने दाराला यंत्र बसवलं होतं. कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नसे आणि फोटोशिवाय कार्ड मिळत नसे. महिनाभर भिंगवाला दुसऱ्या कुणाच्या तरी पाठोपाठ आत जात होता, आणि मालकांनी ते बंद करायला सांगितलं होतं.

"याआधीचा फोटो नाही?" बायकोने विचारलं.

बाईंनी पर्समधून एक फोटो काढला. शाळेचा ग्रुप, चाळीस मुलं. उजव्या टोकाला एक कोपर होतं.

"हा तो," बाई म्हणाल्या. "त्यानंतर चार स्टुडिओ झाले. एकाने न सांगता फ्लॅश मारला. एकाने हनुवटीला हात लावून मान वळवली. एक तर त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावत आला, 'फक्त एकदा हस रे' म्हणत."

हसाकाकांनी मान खाली घातली. तो एक म्हणजे आपणच नाही ना, हे ते आठवून बघत होते. ते नव्हते, पण असू शकले असते.

बाईंनी अटी सांगितल्या. फ्लॅश नाही. हात लावायचा नाही. अत्तर किंवा वासाची पावडर लावून यायचं नाही. जे करायचं ते आधी सांगायचं आणि सांगितलं तसंच करायचं. हसाकाकांनी सगळ्यांवर मान हलवली. बोलता येत असतं तर त्यांनी प्रत्येक अटीवर एक विनोद केला असता.

बुधवारी बरोबर दहाला दोघं आले. भिंगवाला उंच होता, केस बारीक कापलेले. तो दारात थांबला. हसाकाकांनी पाटीवर लिहायला सुरुवात केली तोच त्याने कान झाकले.

"खडू," बाई म्हणाल्या. "खडूचा आवाज."

हसाकाकांनी पाटी ठेवली आणि जाड पेन घेतलं. भिंगवाल्याने नाक दाबलं. मग बायकोने पेन्सिल आणि जुना कागद आणून दिला. त्यावर हसाकाकांनी लिहिलं, 'आत या. खिडकीपाशी खुर्ची आहे. हवं तर बसा.' भिंगवाल्याने ते वाचलं आणि तो आत आला, पण मधेच थबकला.

"तो दिवा ओरडतोय," तो म्हणाला.

हसाकाकांनी वर बघितलं. ट्यूबलाइट होती, बावीस वर्षं तिथेच. त्यांनी बटण बंद केलं. तेव्हा कुठे त्यांना कळलं की इतकी वर्षं खोलीत एक बारीकसा, किरकिरा आवाज चालूच होता. त्यांनी बटण पुन्हा चालू केलं, ऐकलं, आणि बंद केलं. भिंगवाल्याने या प्रकाराकडे जरा नाराजीने बघितलं.

मग काहीच झालं नाही. भिंगवाला बसला, उठला. त्याने खिडकीतून खालच्या सायकली मोजल्या, पडद्याची शिवण तपासली. कार्डासाठी दोन्ही डोळे थेट कॅमेऱ्यात हवे होते आणि तो कॅमेरा सोडून सगळीकडे बघत होता. एरवी हसाकाकांनी इतक्या वेळात सतरा वेळा 'इकडे बघा!' म्हटलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या, डोक्यावर काहीतरी ठेवलं असतं. आता त्यांच्याकडे काहीही नव्हतं. ते स्टँडशेजारी उभे राहिले. पाऊण तास उभे राहिले. बाहेर काउंटरवर बाई आणि बायको गुडघेदुखीवर बोलत होत्या तेही संपलं.

मग भिंगवाला उठून सरळ कॅमेऱ्यापाशी आला आणि लेन्सच्या तोंडाशी डोळा नेऊन बघू लागला.

"तुमच्या काचेत बुरशी आहे," तो म्हणाला.

हसाकाकांनी लिहिलं: 'नाही.'

"आहे. आतल्या बाजूला, कडेला. कोळ्याच्या जाळ्यासारखी."

'ही लेन्स मी रोज पुसतो.'

"बाहेरून पुसता. मी आतलं म्हणतोय." तो विचार करत मागे गेला. "लांबून पण दिसते का बघतो." खुर्चीत बसून त्याने मान ताठ केली आणि दोन्ही डोळे रोखून थेट लेन्समध्ये बघितलं.

हसाकाकांचं बोट बटणावर होतं. कॅमेऱ्याचा आवाज बंद होता. दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मघाशी तो आत आल्यावर त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'फोटो काढण्याआधी सांगेन,' आणि तो कागद भिंगवाल्याने घडी करून खिशात ठेवला होता. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला एक शिवी दिली आणि हात वर केला. तीन बोटं. दोन. एक.

भिंगवाल्याने बोटं बघितली आणि पुन्हा लेन्सकडे बघितलं. त्याचं बुरशीचं काम अजून झालं नव्हतं.

फोटो कॉम्प्युटरवर आला तेव्हा बायकोने नेहमीप्रमाणे डाग काढायचं साधन हातात घेतलं आणि मग तसंच ठेवून दिलं. चित्रात एक माणूस मन लावून काहीतरी तपासत होता. बाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा असाच दिसतो," त्या म्हणाल्या. "घरी असाच दिसतो. मला वाटायचं, ते फक्त मलाच दिसतं."

"दिसते," भिंगवाला म्हणाला.

"काय रे?"

"बुरशी. लांबूनही दिसते."

पुढच्या आठवड्यात लेन्स उघडून साफ करून घेतली. आत बुरशी होती. हसाकाकांनी ही बातमी बायकोला लिहून कळवली नाही, तिने पावतीवर वाचली.

बाईंच्या ओळखीत अशा मुलांच्या आईवडिलांचा एक गट होता. तिथून एकेक येऊ लागलं. सात वर्षांची एक मुलगी आली, तिने टेबलाखाली बसून फोटो काढून घेतला, आणि हसाकाकांना तिथे आडवं व्हावं लागलं. एका मुलाने सांगितलं, फोटो काढा पण पाठीचा. पाठीचा काढला, आणि त्याच्या वडिलांनी तो मोठा करून नेला. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या होत्या आणि आपल्याला ऑटिझम आहे हे त्यांना मागच्याच वर्षी कळलं होतं. "लोकांनी 'स्माइल' म्हटलं की मी चेहऱ्याचं काय करायचं याचा हिशेब मांडत बसते," त्या म्हणाल्या. "तोवर फोटो झालेला असतो." इथे त्यांना कुणी काही म्हटलं नाही. त्या तासभर पुस्तक वाचत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "हं, आता काढा."

सकाळी एकच गिऱ्हाईक घ्यायचं, हे बायकोने ठरवलं. येणाऱ्याला आधी एक कागद पाठवायचा, त्यात दाराचा, जिन्याचा, खुर्चीचा आणि फोटोग्राफरचा फोटो, हेही तिनेच ठरवलं. हसाकाकांचा न हसतानाचा फोटो काढायला तिला तीन दिवस लागले.

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. गाठी गेल्या होत्या. "बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?" हसाकाका म्हणाले. मग घरी पोचेपर्यंत ते थांबले नाहीत. सहा आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. वाटेतली दुकानं, राजकारण, मेहुणीचा फोन. बायको हो हो म्हणत चालत होती. घराशी आल्यावर ती म्हणाली, "मी तो बोर्ड काढून ठेवते."

"नको," हसाकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"लोक त्या बोर्डामुळे येतात. मी बोलू शकतो असं कळलं की विश्वास कोण ठेवेल? मीच ठेवणार नाही."

"पण ते खोटं आहे."

"खोटं नाही. जुनं आहे."

"मी खोटं लिहून ठेवत नसते. माझं अक्षर आहे ते," बायको म्हणाली. पण तिने बोर्ड काढला नाही, आणि हसाकाकांनी तेवढ्यावर भागवलं. सकाळी ते मुके राहत आणि दुपारी शाळांच्या ग्रुपवर ओरडत. आठवडाभर हे सुरळीत चाललं. दुसरा आठवडाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात भिंगवाल्याला आईबरोबर फोटो काढायचा होता. त्याआधी खोलीत दोन खुर्च्या कशा मांडल्यात ते बघायला तो एकटाच येणार होता. बायकोने त्याला चारची वेळ लिहून दिली होती. त्या दिवशी शाळेचा ग्रुप उशिरा आला आणि चारला हसाकाका ऐन रंगात होते. "मागची रांग, जेवलात ना? मग ताठ! एऽ चष्मा, तू हसतोयस की रडतोयस? हसाऽऽ!"

मुलं जिना उतरून गेली. मागोमाग शिक्षक गेले. मग दारात भिंगवाला दिसला. त्याचे दोन्ही हात कानांवर होते.

हसाकाकांनी पेन्सिल घेतली.

"ओरडत होता तो कोण?" भिंगवाल्याने हात न काढता विचारलं.

हसाकाकांनी लिहिलं: 'माझा भाऊ.'

भिंगवाल्याने वाचलं. "तुमच्या भावाचा आवाज फार मोठा आहे."

हसाकाकांनी मान हलवली.

"तो कुठे आहे?"

'गेला.'

"मी जिन्यात उभा होतो," भिंगवाला म्हणाला. "एकोणतीस मुलं गेली. दोन शिक्षक गेले. भाऊ गेला नाही. दुसरं दार नाही."

काउंटरमागून बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

"मीच होतो," हसाकाका म्हणाले. इतक्या हळू ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

भिंगवाल्याने हात खाली घेतले. त्याने आधी बोर्डकडे, मग हसाकाकांकडे, मग पुन्हा बोर्डकडे बघितलं.

"कधीपासून?"

"सोळा दिवस."

"म्हणजे बोर्ड सोळा दिवस चुकीचा आहे."

"हो. पण हे बघा, लोकांना कळलं की मला बोलता येतं—"

"बोलता येतं म्हणजे बोललंच पाहिजे असं आहे का?"

हसाकाकांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "मला जमेल की नाही सांगता येत नाही," ते म्हणाले.

"मलाही शंका आहे," भिंगवाला म्हणाला. हे तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरोखरच शंका होती. मग तो खुर्च्या न बघताच निघून गेला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. बायकोने तो हसाकाकांच्या हातात दिला. बाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण गेलं. "भाऊ, तुम्ही ओरडता याचं त्याला काही नाही," त्या म्हणाल्या. "जगच ओरडतं. पण तुमचा कागद त्याने जपून ठेवला होता. आज घरी येऊन तो त्याने केराच्या डब्यात टाकला. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हसाकाका दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत, आणि या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकरा घरांना अकरा पत्रं लिहिली. बायको लिहून द्यायला तयार नव्हती, म्हणून स्वतःच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिली. अमुक तारखेपासून मला बोलता येत होतं, मी ते लपवलं, माफ करा. दोन घरांनी पुढची वेळ रद्द केली. चार घरांकडून काहीच आलं नाही. सात वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी कळवलं की त्यांना माहीत होतं, कारण गेल्या खेपेला टेबलाखालून निघताना हसाकाकांचं डोकं आपटलं आणि ते स्पष्ट शब्दांत काहीतरी म्हणाले, आणि तो शब्द मुलगी आता घरी वापरते. गणिताच्या बाईंचं एकच वाक्य आलं: 'न बोलणारी माणसं इतका घसा खाकरत नाहीत.'

बायकोने नवा बोर्ड लिहिला. 'छायाचित्रकारांना बोलता येते. सकाळी ते बोलत नाहीत. बोलल्यास तसे त्यांना सांगावे.' पहिल्याच सकाळी बेचाळीस मिनिटं झाल्यावर एका मुलाने मान अशी काही वळवली की हसाकाकांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मुलाने शांतपणे सांगितलं, "बोललात." मग तो उठून जिन्यात जाऊन बसला आणि वीस मिनिटांनी परत आला. हसाकाका वीस मिनिटं हातात पेन्सिल धरून उभे होते. दुसऱ्या सकाळी ते बोलले नाहीत. तिसऱ्याही नाही.

दीड महिन्याने बाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "तो बोर्ड वाचून आलाय. येतो म्हणतो."

शनिवारी दोघं आले. खुर्च्यांमध्ये किती अंतर हवं ते भिंगवाल्याने स्वतः हाताने मोजलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. बाईंना ते जास्त वाटत होतं, पण त्यांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे तेवढंच. कारण बसल्या क्षणापासून बाई सुरू झाल्या. "बाळा, कॉलर बघ. सरळ बस ना. भाऊ, याची डावी बाजू चांगली येते. वहिनी, माझे केस नीट आहेत का? बाळा, पाय. अरे, जरा—"

भिंगवाला खिडकीकडे बघू लागला. त्याचे हात हळूहळू कानांकडे निघाले.

हसाकाकांनी कागद घेतला, ठळक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि बाईंसमोर धरलं. बाईंनी वाचलं: 'ताई, इथे सकाळी बोलत नाहीत.'

बाईंचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या बाई हातांची घडी घालून, वर्गाबाहेर उभं केल्यासारख्या ताठ बसल्या. भिंगवाल्याने हात मांडीवर ठेवले. आई खरंच गप्प बसते का हे बघायला तो तिच्याकडे वळला, आणि बघत राहिला. हसाकाकांनी तीन बोटं वर केली. दोन. एक.

त्या सकाळी चौदा फोटो निघाले. बाईंनी हाच निवडला. त्यात त्यांचा चेहरा एखाद्या गुन्हेगारासारखा होता, पण मुलगा त्यांच्याकडे बघत होता. भिंगवाल्याने दुसरा निवडला. त्यात दोघंही जरा हललेले होते, पण मागच्या पडद्याची शिवण अगदी सरळ आली होती.

"एकच कुठला तरी घेऊ या," बाई म्हणाल्या.

"का?" भिंगवाल्याने विचारलं.

बायकोने दोन्ही छापले, वेगवेगळ्या पाकिटांत घातले, आणि ज्याचा त्याने आपापला नेला.